विजय मर्चंट : चाळिशीतला खांदा आणि थांबलेली कारकीर्द

खांद्याच्या दुखापतींची माहिती देताना साधारणपणे शरीररचनेपासून सुरुवात केली जाते. या लेखात आपण एका माणसापासून सुरुवात करू. भारताचे जुन्या काळातील थोर सलामीवीर विजय मर्चंट यांची कसोटी कारकीर्द खांद्याच्या दुखापतीने संपली. त्या वेळी त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पावसाळ्यात चिखलात मोटारसायकल घसरून, कापसाच्या गाडीवरून पडून किंवा शेताच्या बांधावर पाय सटकून खांद्यावर आपटणारे बरेच रुग्ण याच वयाचे असतात. मर्चंट यांना जे उपचार मिळणे शक्य नव्हते, ते या रुग्णांना आज मिळू शकतात. तरीही अनेक जण तीन-चार महिने खांदा चोळत बसतात आणि उपचाराची योग्य वेळ निघून जाते.

मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, कापड गिरण्यांच्या व्यवसायातील ठाकरसी घराण्यात झाला. मर्चंट हे त्यांचे मूळ आडनाव नव्हते. शाळेत नाव घालताना वडिलांचा व्यवसाय विचारला गेला, उत्तर व्यापारी असे मिळाले आणि तेच इंग्रजीत आडनाव म्हणून लिहिले गेले, अशी गोष्ट सांगितली जाते. घरी पैशाची ददात नव्हती. क्रिकेट हे त्यांचे पोट भरण्याचे साधन नव्हते, पण ते खेळले मात्र पोटापाण्याचा व्यवसाय असल्यासारखे. सराव, शिस्त आणि चेंडू शेवटपर्यंत पाहून अगदी उशिरा मारलेला कट ही त्यांची ओळख होती.

१९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळण्यासाठी इंग्लंडला गेला, तेव्हा मर्चंट त्यात नव्हते. राष्ट्रीय चळवळीचे नेते तुरुंगात असताना निवड चाचणीला जायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी मुंबईत झाली आणि तिथे त्यांचे पदार्पण झाले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मँचेस्टरला मुश्ताक अली आणि मर्चंट यांनी सलामीला २०३ धावा केल्या. त्यात मर्चंट यांच्या ११४ होत्या. त्या दौऱ्यानंतर विस्डेनने वर्षातील पाच उत्तम खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली.

मग दुसरे महायुद्ध आले. १९३६ ते १९४६ अशी दहा वर्षे भारत एकही कसोटी खेळला नाही. खेळाडूच्या शरीराची सर्वांत चांगली वर्षे पंचवीस ते पस्तीस. मर्चंट यांची नेमकी तीच वर्षे कसोटीविना गेली. देशांतर्गत सामन्यांत मात्र त्यांनी धावांचा पाऊस पाडला. १९४३-४४ च्या हंगामात मर्चंट आणि विजय हजारे यांच्यात जणू पैजच लागली होती. पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर त्याच सामन्यात समोरच्या संघाकडून हजारे यांनी ३०९. पुढे रणजी स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ होती. दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत यापेक्षा मोठी सरासरी एकट्या डॉन ब्रॅडमन यांची आहे.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात पस्तिशीकडे झुकलेल्या मर्चंट यांनी सगळ्या सामन्यांत मिळून २,३८५ धावा केल्या. त्यानंतर प्रकृतीने साथ सोडली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले होते, पण तब्येतीमुळे त्यांना जाता आले नाही. वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हाही ते कसोटी खेळू शकले नाहीत.

नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडचा संघ दिल्लीला आला. पाच वर्षांनंतर मर्चंट कसोटी खेळायला उतरले. वय चाळीस वर्षे आणि काही दिवस. त्यांनी १५४ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी. नव्याने कर्णधार झालेले हजारे दुसऱ्या टोकाला होते, त्यांनी नाबाद १६४ केल्या. दोघांची भागीदारी २११ धावांची झाली. आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. अठरा वर्षांत दहा कसोटी, सगळ्या इंग्लंडविरुद्ध, सरासरी ४७.७२. पुढच्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्या संघात मर्चंट नव्हते.

पडल्यावर खांद्यात काय होते?

रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करू नये, हा नियम सत्तर वर्षांपूर्वीच्या रुग्णालाही लागू आहे. म्हणून मर्चंट यांच्या खांद्यात नेमके काय फाटले, याचे तर्क लढवण्यात अर्थ नाही. पण चाळिशीतला माणूस खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर पडला, तर डॉक्टरांच्या मनात कोणत्या शंका येतात, ते सांगता येईल.

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेले लिंबू समजा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला आधार देणारी वाटी उथळ. म्हणूनच हात पाठीमागे, डोक्यावर, सगळीकडे फिरतो. त्याची किंमत अशी, की हा सांधा हाडांच्या आधारावर टिकत नाही. वाटीच्या कडेला कुर्चेसारखी एक गोल कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. गोळ्याच्या भोवती चार स्नायूंच्या दोऱ्या येऊन चिकटतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना गोळा वाटीत धरून ठेवण्याचे काम या दोऱ्या करतात.

विशीतला मुलगा पडला, तर बहुधा गोळा वाटीतून बाहेर येतो. आपण खांदा उतरला किंवा निखळला म्हणतो ते हेच. त्यात पुढच्या बाजूची लॅब्रम फाटते. ती नीट जुळली नाही तर खांदा पुन्हा पुन्हा उतरतो, कधी चेंडू फेकताना, तर कधी झोपेत कूस बदलतानासुद्धा. वय जितके कमी, तितकी ही शक्यता जास्त. चाळिशीनंतर चित्र बदलते. रोटेटर कफची दोरी वयाबरोबर झिजत आलेली असते आणि पडल्याच्या झटक्याने ती हाडावरून सुटते. खांदा उतरला असेल तर तो बसवल्यानंतरही हात वर जात नाही. घरचे लोक म्हणतात, खांदा तर बसला, आता दुखणे हळूहळू जाईल. खरी दुखापत मात्र आतच राहते. याशिवाय गळ्याजवळचे हाड मोडू शकते किंवा खांद्याच्या टोकाशी असलेला छोटा सांधा सरकू शकतो. या दोन गोष्टी बाहेरून उंचवट्यासारख्या दिसतात, त्यामुळे सहसा सुटत नाहीत. दोरी फाटणे मात्र हमखास सुटते, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोरी दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे खांदा नॉर्मल आहे असे नव्हे. त्यासाठी जाणकाराने हाताने केलेली तपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

घरी एक गोष्ट पाहता येते. दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून उचलला तर वर जातो, पण स्वतःच्या ताकदीने जात नाही, किंवा वर धरलेला हात सोडताच खाली पडतो. असे असेल तर दोरी फाटल्याची शंका घ्यावी. कधी कधी नस दुखावल्यामुळेही असे होते, तेही डॉक्टरांनीच पाहायला हवे. हात कुणीही उचलला तरी वर जातच नसेल, आणि हे पडल्यानंतर लगेच नव्हे तर हळूहळू झाले असेल, तर तो बहुधा जाम झालेला खांदा, म्हणजे फ्रोजन शोल्डर. मधुमेहाच्या रुग्णांत तो फार दिसतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. ताज्या दुखापतीनंतर खांद्याचा आकार बदललेला दिसला, हात बधिर किंवा गार पडला, बोटे हलेनात, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. निखळलेला खांदा हाड बसवणाऱ्याकडे ओढून घेऊ नका. मोडलेले हाड आणि निखळलेला सांधा यांतला फरक बोटांना कळत नाही, आणि काखेतून जाणारी नस त्या ओढाताणीत दुखावते.

१९५१ मध्ये काय शक्य होते?

रोटेटर कफ फाटतो आणि तो शिवता येतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी अशा शस्त्रक्रियेबद्दल १९११ मध्येच लिहिले होते. मर्चंट यांच्या जन्माचेही तेच वर्ष. कॉडमन यांचे खांद्यावरील मोठे पुस्तक १९३४ मध्ये आले. पुढे वाकून हात लंबकासारखा मोकळा झुलवण्याचा जो व्यायाम आज खामगाव-मलकापूरचा फिजिओथेरपिस्टही शिकवतो, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इंग्लंडमध्ये ब्लंडेल बँकार्ट यांनी वारंवार उतरणाऱ्या खांद्यात वाटीची कड कशी सुटते, ते १९२३ मध्ये दाखवले.

पण हे सगळे मोठी चीर देऊन करावे लागे. खांद्यावरचा जाड स्नायू बाजूला करून किंवा हाडावरून सोडवून आत पोहोचायचे. म्हणजे हात उचलणाऱ्या एका स्नायूला इजा करून दुसरा दुरुस्त करायचा. एमआरआय अस्तित्वात नव्हता, त्यामुळे आत काय आहे हे उघडल्यावरच नीट कळायचे. सांध्यात दुर्बीण घालण्याचे प्रयत्न जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये गुडघ्यावर सुरू केले होते. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी व्यवहारात वापरता येईल अशी दुर्बीण १९५० च्या दशकाच्या अखेरीस बनवली. खांद्यासाठी ही पद्धत रुळायला १९८० चे दशक उजाडले. चाळीस वर्षांच्या फलंदाजाने १९५१ मध्ये थांबायचे ठरवले, यात घाबरटपणा नव्हता. त्या वेळच्या वैद्यकाकडे त्यांना मैदानावर परत नेण्याची खात्रीची वाटच नव्हती.

आजची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

आर्थ्रोस्कोपीमध्ये खांद्याभोवती अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडतात. एका छिद्रातून सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते आणि आतले चित्र पडद्यावर दिसते. सांध्यात सलाइन सोडून जागा मोठी केली जाते. बाकीच्या छिद्रांतून बारीक हत्यारे जातात. हाडात छोटे स्क्रू बसवतात, त्यांना अँकर म्हणतात. ते धातूचे, प्लास्टिकसारख्या पदार्थाचे किंवा शरीरात विरघळणारे असतात. अँकरला जोडलेल्या धाग्यांनी फाटलेली दोरी किंवा लॅब्रम हाडावर परत बांधली जाते. वरच्या मोठ्या स्नायूला धक्का लागत नाही. बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात आणि सोबत मानेजवळ नस बधिर करणारे इंजेक्शन देतात, त्यामुळे पहिल्या रात्रीचे दुखणे आटोक्यात राहते. बऱ्याच रुग्णांना एक-दोन दिवसांत घरी जाता येते.

इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. लोक याला बिनटाक्याचे ऑपरेशन म्हणतात आणि पंधरा दिवसांत फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला निघतात. छिद्रे लहान असली तरी आतली दोरी हाडाला चिकटायला जो वेळ लागतो तो तेवढाच आहे; पूर्वीच्या मोठ्या चिरेच्या शस्त्रक्रियेतही तो तेवढाच होता. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. त्या काळात फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढीच हालचाल, तीही बहुधा दुसऱ्याच्या मदतीने. मग हात स्वतः उचलायला शिकायचे. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. पोते उचलणे, कुऱ्हाड चालवणे, गोलंदाजी यांसाठी सहा महिने धरून चाला, काहींना त्याहून जास्त लागतात. शेतकरी कुटुंबाने शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना पेरणी आणि कापूस वेचणी कधी आहे, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्या सहा महिन्यांत शेतात कोण उभे राहणार, हा प्रश्नही उपचाराचाच भाग आहे.

दोरी फाटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असे मुळीच नाही. साठी-पासष्टीनंतर हळूहळू झिजून पडलेली छिद्रे अनेकांच्या खांद्यात असतात आणि नीट व्यायाम केल्यावर त्यांतले बरेच जण चांगले काम करतात. फ्रोजन शोल्डरही बहुतेकांचा व्यायाम, औषधे आणि कधी सांध्यात दिलेल्या इंजेक्शनने सुटतो. मात्र त्याला वेळ लागतो, काही वेळा वर्षापेक्षा जास्त. एमआरआयच्या कागदावर फाटले असा शब्द आहे म्हणून कुणी घाईने टेबलावर घेत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात काहीच गैर नाही.

याउलट, काम करणाऱ्या वयात, चांगला चालणारा खांदा पडल्यामुळे अचानक निकामी झाला असेल, तर थांबू नका. सुटलेली दोरी रबरासारखी मागे आखडत जाते आणि वापर नसलेल्या स्नायूच्या जागी चरबी भरू लागते. पहिल्या काही आठवड्यांत जी दोरी सहज ओढून जागेवर येते, ती सहा महिन्यांनी हाडापर्यंत पोहोचतच नाही, आणि चरबी झालेला स्नायू शिवला तरी पूर्वीसारखा ओढत नाही. दुखापतीनंतर दोन आठवड्यांतही हात स्वतःच्या ताकदीने खांद्याच्या वर जात नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडून खांद्याची खास तपासणी करून घ्या. एमआरआयसाठी अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागले तरी जा.

शस्त्रक्रियेचे धोकेही आधी विचारून घ्या. जंतुसंसर्ग, खांदा आखडणे, नस दुखावणे आणि शिवलेली दोरी पुन्हा सुटणे हे त्यातले मुख्य. मोठे फाटलेपण, जास्त वय, अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू यांनी शेवटचा धोका वाढतो. तंबाखू म्हणजे बिडी-सिगारेटच नव्हे, खर्रासुद्धा. खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या आजाराची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा.

खांद्यानंतरची छत्तीस वर्षे

मर्चंट कसोटीतून बाहेर पडले, क्रिकेटमधून नाही. विविध भारतीवर रविवारी दुपारी त्यांचा क्रिकेटवरचा कार्यक्रम लागायचा आणि एका पिढीने तो कान देऊन ऐकला. ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९७१ च्या जानेवारीत वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीची मते समसमान पडली, तेव्हा मर्चंट यांनी आपले निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांना दिले. त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्येही पहिल्यांदा मालिका जिंकली.

गिरणीचा व्यवसाय सांभाळता सांभाळता त्यांनी आणखी एक काम हाती घेतले, ते म्हणजे अंध आणि अपंग माणसांना रोजगार मिळवून देण्याचे. या कामात त्यांनी दीर्घकाळ वेळ आणि पैसा दिला. खांद्याच्या रुग्णांनाही उपचारानंतर तोच प्रश्न भेडसावतो. हात पूर्वीसारखा झाला नाही तर काम कोणते करायचे? अशा वेळी हातपंप चालवताना, पोते भरताना, म्हशीची धार काढताना कोपर शरीराजवळ ठेवून तेच काम कसे करता येईल, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेता येते. विचारले तर ते शिकवतात.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मर्चंट यांचे निधन झाले. सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते, आणि विदर्भाच्या संघात जागा मिळावी म्हणून आपल्याकडची मुलेही धडपडत असतात. त्यांच्या पालकांसाठी एवढेच. वाढत्या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची मऊ पट्टी असते. रोज शेकडो चेंडू टाकले की तिच्यावर ताण येतो आणि चेंडू फेकताना दंडाच्या वरच्या भागात दुखू लागते. यात सहसा काही फाटलेले नसते आणि शस्त्रक्रियाही लागत नाही. लागते ती विश्रांती, बहुधा दोन-तीन महिने, आणि मग हळूहळू चेंडूंची संख्या वाढवणे. दुखत असताना गोळी देऊन मुलाला निवड चाचणीला उतरवू नका.